१२ व्होल्टच्या बॅटरीवर रास्पबेरी पाय: फिरणारा सल्ला आणि त्यातल्या चुका

रास्पबेरी पाय (थोडक्यात पाय) हा छोटा संगणक-बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवण्याबद्दल एक सल्ला सध्या फार फिरतो आहे: "पायवर रेग्युलेटर असतोच, १२ व्होल्ट दिले तरी बोर्ड लागेल तेवढीच वीज घेतो. भीती वाटली तर मध्ये रेझिस्टर किंवा ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) टाका आणि तार ५ व्होल्टच्या पिनेला जोडा." कृपया यातलं काहीही करू नका. खालचे आकडे पाय ३ बी+ चे आहेत, त्याला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा सप्लाय लागतो.

"रेग्युलेटर असतोच." असतो, पण तो ५ व्होल्टचे ३.३, १.८ असे खालचे व्होल्टेज करतो. आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डाच्या गोल जॅकला ७ ते १२ व्होल्ट चालतात, गोंधळ बहुधा तिथूनच येतो. पायला ५.२५ च्या वर द्यायचे नाहीत. "लागेल तेवढीच" हे करंटबाबत खरं आहे, म्हणून ५ व्होल्टचा १० अँपिअरचा सप्लायही चालतो. व्होल्टेज मात्र बोर्ड निवडत नाही, जेवढं द्याल तेवढं त्याच्यावर येतं.

"रेझिस्टर टाका." ७ ओहमवर १ अँपिअरला ७ व्होल्ट पडतात, गणित जुळल्यासारखं वाटतं. पाय निवांत असताना ०.४ अँपिअरच घेतो; तेव्हा पडतात फक्त २.८ आणि बोर्डावर येतात ९.२ व्होल्ट.

"७८०५ टाका." ही सर्वांत फसवी सूचना, कारण सुरुवातीला बोर्ड चालू होतो. बॅटरी १२.६ व्होल्ट, करंट ०.५ अँपिअर धरला तरी ७.६ × ०.५ म्हणजे ३.८ वॅट नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) ७८०५ चं नेहमीचं टीओ-२२० पॅकेज दर वॅटला साधारण ६५ अंश तापतं, म्हणजे हिशेबाने जवळपास २५० अंशांची वाढ. त्याआधीच आयसी स्वतःला बंद करतो, पाय मध्येच बंद पडतो आणि एसडी कार्ड करप्ट होऊ शकतं. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते, तेव्हा तर आणखी वाईट. मोठा हीटसिंक लावला तरी २.५ अँपिअर या आयसीच्या आवाक्यातले नाहीत.

"पिनेला जोडा." मायक्रो यूएसबीच्या वाटेवर पॉलीफ्यूज (जास्त करंट अडवणारा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) आहे, ५ व्होल्टच्या पिन २ आणि ४ च्या वाटेवर नाही; तिथे चूक झाली तर अडवणारं काही नाही.

बक कन्व्हर्टर (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत न घालवता कमी करणारं सर्किट) वापरा. एलएम२५९६ चं मॉड्यूल ३ अँपिअरचं म्हणून विकलं जातं, पण हीटसिंकशिवाय सलग २ च्या पुढे ताणू नका. ५ अँपिअरचं घेतलेलं बरं. पाय न जोडता, मल्टिमीटर बघत आउटपुट आधी ५.१ वर आणा, मग ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून पुन्हा तपासा आणि पोटेन्शिओमीटरवर (व्होल्टेज ठरवणाऱ्या स्क्रूवर) तो हलू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब टाका. नवं मॉड्यूल बरेचदा १० च्या वर सेट असतं; आधी पाय जोडला तर बोर्ड गेलाच.

बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. पूर्ण लोडला १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १.३ अँपिअर जातात. कन्व्हर्टरच्या आतला इलेक्ट्रॉनिक स्विच शॉर्ट झाला तर पूर्ण १२ व्होल्ट पुढे येतात, म्हणून आउटपुटवर ५.१ व्होल्टच्या झेनर डायोडने चालणारा एससीआर क्रोबार (व्होल्टेज वाढलं की चालू होणारं संरक्षक सर्किट) लावा; तो ५.८ च्या आसपास आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवतो.

लांब तार १२ व्होल्टच्या बाजूला ठेवा. २४ गेजच्या १ मीटर जोडतारेत २.५ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात, ५.१ चे ४.७ उरतात आणि ४.६३ ला पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो: स्क्रीनवर विजेची खूण येते, लाल दिवा विझतो. सगळे यूएसबी लावून, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून हा दिवा अर्धा तास पाहा.