सत्यापनाच्या चार ओळींबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. टंकलेखकाकडे तयार नमुना मिळत असताना शपथपत्राच्या शेवटच्या चार ओळींचा, म्हणजे मजकूर कशाच्या आधारे खरा आहे हे सांगणाऱ्या सत्यापनाचा, मी एवढा खल का केला आणि शिक्षेचा उल्लेख करून साध्या माणसांना घाबरवले का, असे आपले दोन आक्षेप आहेत.

शासकीय दाखल्यांपुरता आपला मुद्दा रास्त आहे. २०१५ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रात अशा बहुतेक कामांना साधे स्वयंघोषणापत्र चालते. माझा लेख मात्र दिवाणी दाव्यातील शपथपत्रांविषयी होता आणि तेथे तयार नमुनाच घात करतो.

समजा, १९८० साली जन्मलेला वादी लिहितो की, ‘वादग्रस्त जमीन माझ्या आजोबांनी १९६२ साली खरेदी केली’, आणि शेवटी नेहमीचे शेपूट जोडतो : ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येईल, ‘हा व्यवहार आपण स्वतः पाहिला का?’ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ प्रमाणे शपथपत्रात स्वतःच्या ज्ञानाने सिद्ध करता येईल तेवढेच लिहायचे असते. निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईहुकमाच्या) अर्जासारख्या, दावा चालू असताना केलेल्या अंतरिम अर्जात समजुतीवर आधारलेले विधान चालते, पण त्या समजुतीचा आधार सांगावा लागतो. ऐकीव गोष्टी आणि युक्तिवाद विनाकारण भरले, तर त्या शपथपत्राचा खर्च दाखल करणाऱ्यावरच बसू शकतो.

म्हणून या वादीने असे लिहावे : ‘परिच्छेद १ ते ३ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे, परिच्छेद ४ मधील मजकूर खरेदीखत व फेरफार नोंदीवरून आणि परिच्छेद ५ मधील मजकूर मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यावरून खरा आहे असे मी समजतो.’ हा माझा हट्ट नव्हे. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या १९५२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खुद्द सरकारच्या ढिसाळ सत्यापनावर बोट ठेवले आणि अशा ढिलाईपायी शपथपत्र फेटाळलेही जाऊ शकते, असे बजावले.

शिक्षेबाबत म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये न्यायिक कार्यवाहीत खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु तो जाणूनबुजून दिलेला असावा लागतो, प्रामाणिक चूक हा गुन्हा नव्हे. माहितीचा उगम लिहिणाऱ्याला म्हणूनच कमी भीती असते.

‘नोटरीचा शिक्का आहे ना’ हेही आपण लिहिले आहे. शपथ घेणारा समोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने शपथ घेतली, एवढेच तो शिक्का सांगतो. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते. त्यामुळे वकिलांनी मसुदा इंग्रजीत केला असेल आणि आपल्याला ती भाषा नीट येत नसेल, तर सहीपूर्वी तो मराठीतून समजावून घ्यावा आणि तसे शपथपत्रातच नमूद करून घ्यावे.