टाचणात न मावलेला सिंह

बोलणारा सिंह मुलांना चालतो. बर्फातून गाडी हाकत येणारी चेटकीण चालते. तिने छडी फिरवून समोरच्याचा दगड केला तरी वर्गातून हरकतीचा एक सूर निघत नाही. गाडी अडते ती भलतीकडेच.

"बाई, पण त्याने पँट घातली होती का?"

प्रश्न मिस्टर टम्नसबद्दल होता. सी. एस. लुईस यांच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या १९५० सालच्या कादंबरीत लूसी कपाटातून आरपार जाते, बर्फाच्या जंगलात पोचते आणि तिला हा टम्नस भेटतो. कमरेच्या वर माणूस, खाली बोकड. गळ्यात लाल लोकरी मफलर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुडकी. लेखकाने मफलरचा रंग सांगितला, छत्री सांगितली, शेपूट बर्फाला लागू नये म्हणून छत्रीच्या हातावर टाकली होती हेसुद्धा सांगितलं. पँटचा उल्लेख नाही. "म्हणजे नाहीच घातली," असा निकाल पहिल्या बाकाने दिला आणि पुढची वीस मिनिटं मी वर्गातून निघून गेले असते तरी कुणाला कळलं नसतं. नार्निया नावाच्या अद्‌भुत देशाची ओळख आमच्या वर्गाला 'मफलर आहे, पँट नाही' अशी झाली.

ही कादंबरी तशी लहान. १७ प्रकरणं. पाठाच्या टाचणात हिशोब फार सुंदर दिसतो: १७ प्रकरणं, १७ तासिका, शेवटी स्वाध्याय. कल्पनारम्य साहित्याचा उत्तम नमुना म्हणून वर्गात खरं तर टाचणच वाचायला हवं.

पँटचं मिटलं तेव्हा पुडक्यांचं निघालं. टम्नस ती कुठून आणत होता? जंगलात दुकान आहे का? पुढे तो लूसीला चहाला घरी नेतो. अंडं, टोस्ट, सार्डिन मासे, साखरेचा थर दिलेला केक. नुकताच 'पिके आणि हवामान' हा धडा झालेला. खिडकीजवळचा मुलगा उभा राहिला. "बाई, तिथे कायम हिवाळा असतो ना? मग गहू कधी पिकतो?"

मी म्हटलं, जादू. तो म्हणाला, जादू तर चेटकिणीकडे आहे, टम्नसकडे कुठेय? हा मुलगा परिसर अभ्यासाच्या पेपरात गहू हे कडधान्य आहे असं लिहून आलेला आहे, हे इथे नमूद करते.

मग मी लेखकालाच पुढे केलं. लुईस यांनी स्वतः सांगितलंय की हे सगळं एका चित्रापासून सुरू झालं: बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन जाणारा असा एक अर्धा बोकड. ते चित्र त्यांच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं, आणि चाळिशीच्या आसपास त्यांनी त्याची गोष्ट करून बघायचं ठरवलं. मला वाटलं, केवढा हा चिकाटीचा आदर्श! वर्ग म्हणाला, "म्हणजे दुकान कुठे आहे ते त्यांना पण माहीत नव्हतं!" सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा, खोटं कशाला बोलू.

कपाटाचं प्रकरण मात्र आटोक्याबाहेर गेलं. लेखक बिचारा सावध माणूस. कपाटात शिरल्यावर दार लावून घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं तो पुन्हा पुन्हा बजावतो. मी ती वाक्यं मुद्दाम आवाज चढवून वाचली. परिणाम असा झाला की त्याच आठवड्यात नकाशांच्या कपाटात दोन मुली सापडल्या, दार उघडं ठेवून. ओरडायला तोंड उघडलं तर, "बाई, दार उघडंच आहे." एका आईचा फोन आला. घरातले सगळे कोट पलंगावर आणि चिरंजीव कपाटात. दार उघडं होतं हे मात्र त्यांनीही प्रामाणिकपणे मान्य केलं. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी तक्रार नोंदवली की आजकालच्या कपाटांना कप्पे असतात, त्यांतून माणूस पलीकडे जाणार कसा? यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही. फर्निचर करणाऱ्यांनी विचार करावा.

आता एडमंड, लूसीचा भाऊ. चेटकीण त्याला भेटते, गरम पेय देते आणि विचारते, खायला काय हवं? तो मागतो टर्किश डिलाइट, म्हणजे साखरेत घोळलेली एक मऊ मिठाई. हिरवी रेशमी फीत बांधलेला गोल डबा येतो आणि तो खात खात भावाबहिणींची सगळी माहिती देऊन बसतो. वर्ग खवळला. अनोळखी माणसाने दिलेलं खायचं नसतं, हे सगळ्यांनी एका सुरात मला सांगितलं, जणू डबा मीच पुढे केला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून: "किती होतं त्या डब्यात?"

कित्येक पौंड, असं पुस्तकात आहे. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. फळ्यावर गुणाकार झाला. तीन पौंड धरले तर १ किलो ३५० ग्रॅम. "एकट्याने?" एकट्याने. वर्गात एडमंडबद्दलचा आदर डोळ्यांदेखत वाढला.

मग मी थोडा इतिहास सांगितला. ही मुलं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनहून दूर पाठवलेली. तेव्हा ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती, १९४२ पासून गोळ्या-मिठाईही. पुस्तक बाहेर आलं तेव्हासुद्धा ती कूपनावर मोजूनच मिळत होती; मिठाईवरचं हे रेशनिंग सुटलं १९५३ च्या फेब्रुवारीत. एडमंडचा खटला तिथेच फिरला. "मग चूक त्याची नाही, कूपनची." स्वाध्यायात 'एडमंडच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?' असा प्रश्न होता. 'मी मोह आवरला असता' अशी उत्तरं ढिगाने आली, सगळी एकाच अक्षरवळणाची, म्हणजे आईच्या. एकाने लिहिलं: 'मी आधी हातमोजे मागितले असते. बर्फ पडत होता.' त्याला पैकीच्या पैकी.

चेटकिणीचे संवाद मी जीव ओतून वाचले. पहिल्या बाकावरची म्हणाली, "वह्या तपासताना पण तुम्ही असंच बोलता." पुढचे दोन दिवस मी चेटकिणीला मऊ आवाज दिला.

लढाई मुलांनी पटकन उरकायला लावली. सिंह मरतो तिथे वर्ग खरोखर गप्प झाला, माझाही घसा दाटला, आणि ज्याच्या घरी पुस्तक आहे तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "रडू नका बाई, उठतो तो."

शेवट त्यांना पटला नाही. पीटर, लूसी, एडमंड धरून चौघं भावंडं नार्नियात राजेराण्या होतात, कित्येक वर्षं राज्य करतात, चांगले मोठे होतात आणि पांढऱ्या हरणाच्या मागे जाता जाता कपाटातून बाहेर पडतात ती पुन्हा लहान मुलं होऊन. इकडे काळ पुढे सरकलेलाच नाही.

"म्हणजे पीटर परत शाळेत जाणार?"

हो.

"राजा असून पाण्याला जायचं तर हात वर करून विचारणार?"

हो.

"आणि पाढे परत पहिल्यापासून?"

एवढा अन्याय त्यांनी संपूर्ण पुस्तकात पाहिला नव्हता.

आता पुढचं पुस्तक. या मालिकेत एकूण सात आहेत, आणि ज्याच्या घरी पुस्तक आहे त्याने जाहीर केलं की १९५५ साली आलेल्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ची गोष्ट खरं तर सगळ्यांत आधी घडते, तेव्हा आता तेच घ्यायचं. बाकीचे म्हणतात, ज्या क्रमाने छापली त्या क्रमाने वाचायची. मधल्या सुट्टीत दोन्ही पक्षांची शिष्टमंडळं मला वेगवेगळी भेटून गेली. छापील क्रमवाल्यांनी हळूच एक चॉकलेट पुढे केलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की बाई असल्या गोष्टींना बधत नाहीत. मग विचारलं, एकच आहे का?