भाजीवालीकडे क्यूआर आहे, म्हणून काउंटर बंद करायचे?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्याचं म्हणणं असं, की आता प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे, मंडईतल्या भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर आहे, डेटा चहापेक्षा स्वस्त झालाय, त्यामुळे डिजिटल दरी वगैरे काही उरलेली नाही, ज्याला जमत नाही तो आळशी, आणि सरकारी ऑफिसातले काउंटर बंद करून सगळं ऑनलाइन करावं. वाचताना पटतं, कारण आपल्या आजूबाजूला साधारण तसंच दिसतं. पण एकेक वाक्य धरून बघितलं तर त्यातलं एकही पुरतं टिकत नाही.

"भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर आहे." आहे, आणि चांगलंच आहे. पण तो वापरायला तिला काय करावं लागतं ते जरा थांबून बघा. स्टिकर आणि डबा कंपनीचा माणूस लावून जातो, खातं बऱ्याचदा मुलाच्या नावावर असतं, गिऱ्हाईक स्कॅन करतं आणि डबा मोठ्यानं बोलून दाखवतो किती रुपये आले ते. वाचायचं नाही, टाइप करायचं नाही, पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही. कंपन्यांना तिचा धंदा हवा होता म्हणून त्यांनी यंत्राला बोलायला लावलं, आणि तिनं ते लगेच उचललं. आता त्याच बाईला सरकारी पोर्टलवर बसवा. आधी वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखून टाका, मग फोटो इतक्या केबीच्या आतच पाहिजे, मग ओटीपी येईपर्यंत सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून. बाई तीच आहे ना? मग तिथे जमलं आणि इथे जमत नाही याचा दोष तिच्याकडे कसा जातो?

"प्रत्येकाच्या हातात फोन." घरात फोन असणं आणि स्वतःच्या हातात असणं यात खूप अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, कधी तरी इंटरनेट वापरलाय असं सांगणाऱ्या बायका देशात 33 टक्के होत्या आणि पुरुष 57 टक्के. महाराष्ट्रात बायका 38 टक्के, पुरुष 61 च्या वर. रोज वापरता का असं नाही, आयुष्यात एकदा तरी वापरलाय का एवढंच विचारलं होतं. त्यानंतर आकडे वाढले असणार हे धरलं तरी वस्तीतल्या घरात काय चालतं ते डोळ्यासमोर आणा, एकच चांगला फोन, तो दिवसभर नवऱ्याबरोबर रिक्षावर नाहीतर डिलिव्हरीवर, संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला, आणि बाईच्या वाट्याला रात्री अकरानंतर, चार्जिंग उरलं असेल तर. आणि पुणे म्हणजे फक्त कोथरूड-बाणेर नाही, भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्याही याच जिल्ह्यात येतात, तिथे फोन असला तरी रेंजसाठी उंचावर चढावं लागतं.

"डेटा चहापेक्षा स्वस्त." जुलै 2024 मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया, तिघांनीही दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 ला गेला. दिवसाला भागलं तर पावणेअकरा रुपये, म्हणजे चहाइतकंच, मान्य. पण चहा परवडला नाही तर एक दिवस सोडता येतो, रिचार्जला मात्र 299 एकदम काढावे लागतात, आणि 28 दिवसांचा हिशोब असल्यामुळे वर्षात बारा नाही तर तेरा वेळा. एका फोनचे 3,887 रुपये. पैसे नसले की रिचार्ज राहतो, मग इनकमिंग बंद, मग ओटीपी येत नाही, असंच चालू राहिलं तर नंबरच बंद होतो आणि 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला देता येतो. आधारला, बँकेला, रेशनला जोडलेला नंबर परक्या माणसाकडे! मग तो बदलायला आधार केंद्राची रांग, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली.

आता सगळ्यात जास्त राग येतो ते वाक्य, "जमत नाही तो आळशी." आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. वर्षानुवर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेघा पुसट झाल्यात, मशीन लाल होतं, दुकानदार म्हणतो हात धुऊन पुसून परत लावा, परत लाल. त्या मला विचारत होत्या, "ताई, माझंच काही चुकतंय का?" सकाळी सहापासून पाच घरची कामं करणाऱ्या बाईला आपण आळशी म्हणणार? आता चेहरा दाखवून केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायचं ॲप आलंय, पण त्याला स्मार्टफोन लागतो, दोन ॲप डाउनलोड करावी लागतात, आणि मावशींचा फोन बटणांचा आहे.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीचं बघा. सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली, दोन महिन्यांची मुदत. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार, आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी. नवरा वारलेला आणि वडीलही नाहीत अशा बाईनं ओटीपी कुणाकडून आणायचा? फॉर्म बनवताना हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. बायकांनी ओरड केल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. म्हणजे पोर्टलनं अडवलेलं काम शेवटी एका माणसानंच हातात कागद घेऊन सोडवलं.

आणि शिकलेल्यांना तरी कुठे जमतं? 2025 ला अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, 21 मे ला पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि 26 पर्यंत थांबावं लागलं. आयटीतले आईबाप घरात फास्ट वायफाय असून रिफ्रेश मारत बसले होते, त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही.

राहिलं ते "काउंटर बंद करा". ऑनलाइनला माझा विरोध नाही, डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघायला लागल्यापासून लोकांच्या तलाठ्याकडच्या किती फेऱ्या वाचल्या ते गावाकडच्या कुणालाही विचारा. ज्यांना जमतं ते ऑनलाइन गेले की काउंटरवरची रांग कमी होते, मग उरलेल्यांना नीट वेळ देता येतो, फायदा असा घ्यायचा असतो. आणि हा आता फक्त चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईला केवायसीसाठी पापणी मिचकवून दाखवायला सांगत होते, तिथून हे प्रकरण कोर्टात गेलं, त्याबरोबर अंध माणसांच्या अडचणीही होत्या. कोर्टानं वीस निर्देश दिले. पापणी मिचकवण्याला पर्याय द्या, वेबसाइट स्क्रीन रीडरवर, म्हणजे अंध माणसांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतील अशा करा, आणि कागदावरची केवायसीसुद्धा चालू ठेवा.

तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यातलं शेवटचं वाक्य काढा आणि त्या जागी हे लिहा: प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून देणारा एक माणूस, फुकट. अंगठा उमटला नाही तर त्याच दिवशी, त्याच जागी दुसरा मार्ग. फॉर्म बोलीभाषेच्या मराठीत आणि ऐकता येईल असा. आणि अर्ज नाकारला तर कारण सांगणारा फोन, बटणाच्या फोनवरही घेता येईल असा.