आत्याला आलेला मेसेज आणि पंधरा हजारांचं टूल

आमची आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. तिचे शेअर्स सगळे मिळून 1 लाख 80 हजारांचे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "घेऊ का रे?"

मेसेज असा: फुकटच्या माहितीवर शेअर घेणारा बुडतोच. पेड टूलवर कंपनीचे नफा-तोट्याचे निकाल सगळ्यांच्या आधी कळतात. बडे गुंतवणूकदार हेच वापरतात. 'घ्या', 'विका' सांगणारे सिग्नल 94 टक्के अचूक. वर्षाचे फक्त 14,999, एका सौद्यात वसूल.

'सगळ्यांच्या आधी' हे वाचून डोकंच फिरलं. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणारी संस्था. तिच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे निकाल मंजूर करणारी संचालक मंडळाची बैठक संपली की अर्ध्या तासात ते एक्सचेंजला, म्हणजे शेअर बाजाराला, कळवावे लागतात. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांत. तिथून ते बीएसई-एनएसईच्या साइटवर येतात, तुम्हाला, मला, आत्याला, फुकट. त्याआधी कोणाला खरंच कळत असतील आणि त्यावर सौदे होत असतील, तर त्याला रिसर्च म्हणत नाहीत, इनसायडर ट्रेडिंग म्हणतात, आणि त्यासाठी सेबीचे 2015 चे वेगळे नियम आहेत. म्हणजे हे टूलवाले एकतर खोटं बोलताहेत, नाहीतर गुन्ह्याची जाहिरात करताहेत. आणि असा मेसेज लोक हात जोडलेली इमोजी टाकून पुढे ढकलतात!

बडे गुंतवणूकदार? त्यांच्याकडे आकडे वाचायला पगारी माणसं असतात. 94 टक्के? कुठल्या काळातले सौदे, ब्रोकरेज धरून की सोडून, ते लिहिलेलंच नाही. सिग्नल विकतात म्हणजे सेबीकडे रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी हवी, आयएनएचने सुरू होणारा नंबर हवा. मेसेजभर शोधला, नाही.

आता 'एका सौद्यात वसूल'. आत्याच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. 14,999 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17,699. तिच्या 1 लाख 80 हजारांवर हे जवळजवळ दहा टक्के झाले. शेअर्स वर्षात दहा टक्के वाढले, तरी आत्या जिथल्या तिथे. आणि हे दरवर्षी.

बरं, पेड टूल सगळीच थोतांड नाहीत, हे मान्य करावं लागेल. माझा एक मित्र चाळीस-पन्नास कंपन्यांवर लक्ष ठेवतो, गाळण्या लावून हव्या तशा कंपन्या निवडतो, आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेतो. त्याचा वेळ वाचतो, त्याची रक्कमही मोठी. त्याने जरूर घ्यावं. आत्याकडे सात कंपन्या आहेत. त्यांचे दहा वर्षांचे आकडे स्क्रीनर नावाच्या साइटवर फुकट दिसतात आणि वार्षिक अहवाल एक्सचेंजच्या साइटवर पडलेले असतात.

हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, सात दिवस फुकट होतं म्हणून मी चालू केलंय." यूपीआयचं ऑटोपेही दिलंय, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी. आज पाचवा दिवस. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आधी ते बंद करतो.