दोघांचं मिळून २९ किलो, तरी ४ किलोचा भुर्दंड

विमान कंपन्यांनी सामानाचे पैसे घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. म्हणजे कॉमेंटमध्ये कुणी इंधनाचे भाव घेऊन येऊ नका. घ्या पैसे. पण जे घ्यायचे ते तिकीट काढताना तोंडावर सांगून घ्या. माणूस काउंटरशी उभा, मागे ही रांग, विमानाला सव्वा तास उरलेला, आणि तेव्हा हात पिरगाळून घ्यायचे, याला भाडं नाही म्हणत, वसुली म्हणतात.

आज पुणे विमानतळावर शेजारच्या काउंटरला एक काका-काकू होते. निघाले होते बंगळूरला, लेकीच्या बाळंतपणाला. काकूंची बॅग काट्यावर १९ किलो, काकांची १०. बेरीज २९. माणशी १५, म्हणजे दोघांना मिळून हक्काचे ३०. तरी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, फोर केजी एक्स्ट्रा आहे." काका हिशेब मांडायला लागले, "अहो, माझे पाच शिल्लक आहेत ना, त्यात धरा." तर म्हणे, सर, पीएनआर (म्हणजे बुकिंगचा नंबर; एकत्र काढलेल्या तिकिटांना एकच असतो) वेगळे आहेत. एक तिकीट मुलीने काढलेलं, दुसरं जावयाने, कुठल्याशा कार्डावर सूट होती म्हणून. सूट मिळाली असेल तीन-चारशे. भुर्दंड त्याच्या कितीतरी पट.

ही पीएनआरची भानगड तिकीट काढताना कुणीही सांगत नाही. बहुतेक देशी कंपन्यांत एकाच पीएनआरवरच्या माणसांचं वजन एकत्र धरतात: चौघं असाल तर ६० किलो, मग कुणाच्या बॅगेत किती यावरून फारसं अडवत नाहीत. पीएनआर वेगळा झाला की नवरा-बायको असा, नाहीतर जुळी भावंडं असा, कंपनीच्या लेखी तुम्ही परके. त्यातही दोन खोचा आहेत. एक, एकत्र धरलं तरी एका बॅगेत ३२ किलोच्या वर चालत नाही, कारण ती उचलणारा शेवटी माणूस असतो. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. दुसरी, काही कंपन्या १५ किलोसोबत "एकच नग" असंही लिहितात. म्हणजे साडेसात-साडेसातच्या दोन सुटसुटीत पिशव्या केल्यात तर दुसऱ्या नगाचे पैसे वेगळे. वजन तेच, विमान तेच.

पीएनआर वेगळे असतीलच, तर दोघांनी एकाच काउंटरला एकत्र जावं आणि बॅगेला टॅग लागायच्या आधी विचारावं. समोरचा भला असेल तर जुळवून देतो, पण तो त्याचा चांगुलपणा, आपला हक्क नाही. टॅग छापून बॅग पट्ट्यावरून आत गेली की विषय संपला.

आता पैशाचं. जादा किलोला काउंटरवर पाचशेच्या वरच मोजावे लागतात. तेच वजन आदल्या रात्री वेबसाइटवर घेतलं तर स्वस्त पडतं. फक्त ते सुटं मिळत नाही, ३, ५, १० अशा टप्प्यांत घ्यावं लागतं. ४ हवे असतील तर ५ चे पैसे भरा. तरीही काही वेळा काउंटरपेक्षा कमी जातात. मग मला सांगा, रात्री दहाला तो किलो स्वस्त होता आणि सकाळी सातला महाग झाला, तो काय रात्रीतून फुगला? विमानात तो तेवढीच जागा खातो. फरक एवढाच की रात्री तुमच्याकडे बॅग उपसायला वेळ असतो आणि सकाळी नसतो. नेमके त्याचे पैसे आहेत हे.

काका-काकूंनी मग तिथेच फरशीवर बॅग उघडली. साड्यांच्या घडीत गुंडाळलेला स्टीलचा डबा, त्यात डिंकाचे लाडू. एका पिशवीत आळीव, एकीत मेतकूट, बाळंतिणीसाठी शेपा-ओव्याची सुपारी, जुन्या सुती साडीची शिवलेली दुपटी. हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांशेजारी मांडलेलं. काकांची बॅग छोटी, चेन लागेना. डबा त्यात बसेना. काकू म्हणाल्या, हातात घेते.

आणि हातात घ्यायचं म्हटलं की ७ किलोची गंमत सुरू होते.

केबिन बॅग एक आणि ७ किलो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या ७ मधले किती तुमचे? कडक कवचाची, चार चाकांची, लहान ट्रॉली रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची असते. चार्जरसकट लॅपटॉप दोन-सव्वादोन. झालं! दीड किलो उरलं, त्यात दोन दिवसांचे कपडे आणि औषधांचा डबा. तीच कापडी डफल घेतलीत तर रिकामं वजन एक किलोच्या आत. हातातलं सामान नेणाऱ्याने चाकांचा मोह सोडावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी दोन चाकांची कापडी बॅग बघावी, ती कडक बॅगेपेक्षा हलकी मिळते.

मापाचंही तेच. ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर, काहींचं ५५ × ४०‌ × २०. तिन्हींची बेरीज ११५. हे माप चाकं आणि हँडलसकट असतं, दुकानदार मात्र पुष्कळदा नुसत्या खोक्याचं सांगतो. "वीस इंची आहे, केबिनला चालते" हे ऐकून घरी आणलीत की टेप लावून बघा. चाकं चार-पाच सेंटीमीटर खातात. आणि ती जाडी वाढवणारी जादा चेन असते ना, ती उघडलीत की बॅग सरळ मापाबाहेर. येताना खरेदी झालेली असते, चेन उघडलेली असते, आणि गेटवर बॅगेचं माप बघायचा तो लोखंडी सांगाडा वाट बघत असतो.

बरं, हे माप तरी सगळीकडे उपयोगाचं आहे का? कोल्हापूर किंवा नाशिकला एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर वरच्या कप्प्यात ही "नियमातली" ट्रॉलीही नीट जात नाही. विमानाच्या शिडीशी बॅग काढून घेतात आणि पोटात टाकतात. पैसे घेत नाहीत, ठीक. पण त्या दोन मिनिटांत काय काढून घ्यायचं ते माहीत पाहिजे: पॉवर बँक, लॅपटॉप, औषधं, दागिने, घराच्या किल्ल्या. पॉवर बँक तर काढायचीच. लिथियम बॅटरीने पोटात पेट घेतला तर तिथे विझवायला माणूस नसतो, केबिनमध्ये असतो. १०० वॉट-अवरपर्यंतची बिनदिक्कत न्या. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते (२० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट), तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र तिच्यावरचे आकडे पुसलेले असतील तर सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. म्हणून या सगळ्या वस्तू बॅगेतल्या बॅगेत एका पातळ पिशवीत वेगळ्या ठेवा, बॅग मागितली की पिशवी उचलायची.

हां, आता लोकांचंही बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. ७ किलोच्या नावाखाली १२ किलोची सॅक, खांद्याला लॅपटॉप आणि वर ड्यूटी फ्रीची पिशवी घेऊन चढणारे महाभाग आहेतच. त्यांच्यामुळे वरचा कप्पा भरतो आणि मागून येणाऱ्याची बॅग दहा रांगा मागे जाते. कबूल.

पण नियम त्यांना लागतो का? नाही ना! सॅक पाठीला असली की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ट्रॉली ओढत आलेल्या काकूंना बरोबर बाजूला घेतात. आज काकूंनी लाडवांचा डबा कापडी पिशवीत घालून हातात घेतला, तर कुणीतरी येऊन सांगितलं, "वन हँडबॅग ओन्ली, मॅम." त्यांच्यामागचा पोरगा दोन बॅगा घेऊन सरळ निघून गेला, कानात हेडफोन. मला तेव्हा जे बोलावंसं वाटलं ते इथे लिहिता येणार नाही, माहेरची मंडळी फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

(माहितीसाठी: बायकांची पर्स त्या एका बॅगेत मोजत नाहीत, ती वेगळी चालते. मोठी पर्स ही बाईमाणसाला मिळालेली एकमेव सवलत आहे, ती पुरेपूर वापरा. डबा पर्समध्ये बसत असेल तर तो पर्समध्येच गेला पाहिजे.)

जुन्या लोकांना आठवत असेल, देशात २० किलो सगळ्यांना मिळायचे. २०१३ च्या सुमारास खासगी कंपन्यांनी त्याचे १५ केले. २०१६ मध्ये डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) सांगितलं, १५ ते २० च्या मधल्या किलोला शंभर रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत. कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. मग २०२१ मध्ये चेक-इन सामानच नसलेल्या स्वस्त तिकिटाला परवानगी मिळाली. हे शेवटचं वाईट नाही. मुंबई-दिल्ली एका दिवसात जाऊन येणाऱ्याने दुसऱ्याच्या सुटकेसचे पैसे का भरावेत? फक्त ते तिकीट वेबसाइटवर सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त म्हणून चमकतं, आणि त्यात सामान नाही हे खाली बारीक अक्षरात असतं. घाईत काढलंत की काउंटरवर पहिल्या किलोपासून मीटर सुरू.

तिकडे स्पेनमध्ये २०२४ मध्ये सरकारने पाच स्वस्त विमान कंपन्यांना हातातल्या सामानाचे पैसे घेण्यासारख्या प्रकारांवरून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोकला. कंपन्या कोर्टात गेल्या, तो भाग वेगळा. निदान कुणाला तरी राग आला. आपल्याकडे आपण "जाऊ दे, फ्लाइट चुकेल" म्हणतो आणि कार्ड पुढे करतो.

काउंटरवरच्या त्या मुलीवर मात्र राग काढू नका. काकांचा आवाज चढला तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पंचवीसचीही नसेल. मागे तिचा साहेब उभा. सामान हलवून झाल्यावर काकूंची बॅग १५.६ भरली, ती काही न बोलता तिने आत सोडली. एवढंच तिच्या हातात होतं. सोडायच्या आधी तिनेच विचारलं, "आंटी, आत सुकं खोबरं नाही ना?" होतं. दोन वाट्या, लाडवांत घालून उरलेल्या. त्या काढून ठेवाव्या लागल्या. यात मात्र कंपनीचा काही दोष नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते विमानात कुठेच चालत नाही, ना हातात ना पोटात. किसून, भाजून लाडवात घातलेलं वेगळं. अख्खा ओला नारळ चेक-इनमध्ये चालतो. लोणचंही चेक-इनमध्येच टाका, आणि बरणीच्या तोंडावर झाकणाच्या आत प्लॅस्टिकचा तुकडा, झाकणावरून चिकटपट्टी, मग बंद पिशवी, मग कपड्यांच्या मधोमध, असं चढत्या क्रमाने. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, तेल वर येतं आणि झाकणातून वाट काढतंच.

काट्यावरही लक्ष ठेवा. तुमची बॅग ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे ना? बॅग कडेच्या पत्र्याला टेकलेली नाही ना? मागच्या माणसाची ट्रॉली किंवा तुमचाच पाय पट्ट्यावर नाही ना? शंका आली तर शेजारच्या काट्यावर परत करायला सांगा, हसतमुखाने. अर्ध्या किलोचा फरक मी बघितला आहे, आणि अर्ध्या किलोवर तिथे नोटा हलतात.

अमेरिकेहून येणाऱ्यांनी तर हे वाचाच. तिकडून २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन येता आणि मुंबई किंवा दिल्लीहून नागपूरचं तिकीट वेगळं, स्वस्तातलं काढता. त्या तिकिटावर १५. म्हणजे ३१ किलो जादा, काउंटरच्या दराने. करा गुणाकार! शिकागो ते नागपूर एकाच तिकिटावर असेल तर साधारणपणे आंतरराष्ट्रीय मर्यादाच शेवटपर्यंत लागते. तिकीट दोन-तीन हजारांनी महाग दिसलं तरी एकच काढा. आणि आई-बाबांची दोन तिकिटं दोन कार्डांवरून काढणाऱ्या समस्त लेकी-जावयांनो, तीनशे रुपयांसाठी त्यांना फरशीवर बसवू नका रे.

दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांनी आधी वजनकाटा घ्या. हुकाचा, हातात धरून बॅग लटकवायचा, ५० किलोपर्यंतचा मिळतो. तो नसेल तर बाथरूमच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. घरी १४.५ च्या पुढे जाऊ नका. हुकाच्या काट्याचा सेल बदलूनच वजन करा; सेल उतरला की आकडा भरकटतो, आणि तो तुमच्या बाजूने भरकटेल याची खात्री नाही.