शेजारची जॉयस्टिक

आज भाच्याला घेऊन मॉलमधल्या गेम झोनमध्ये गेले होते. घरी येऊन चहा झाला तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

पाचशेचं कार्ड बघता बघता संपलं. पोरगं खेळलं काय? एका मशीनवर बटण दाबलं, दिवे गरगर फिरले, खालून तिकिटांची माळ आली. दुसऱ्या मशीनमध्ये पंजा खाली आला, टेडी उचलला आणि मध्येच सोडून दिला. तिकिटं काउंटरवर दिली तेव्हा हातात पडलं एक खोडरबर आणि दोन चॉकलेटं. भाचा खूश. मी मात्र धुमसत होते. यात त्या पोराचं कसब कुठे लागलं?

आमच्या गावात एसटी स्टँडमागच्या बोळात व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक गेम. दादा मला मुद्दाम सोबत न्यायचा, म्हणजे 'बारकीला क्लासहून आणायला गेलो होतो' असं घरी सांगता यायचं. तिथे मुस्तफा होता. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पोरांचा लाडका, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. मी त्यातली हॅना ही मुलगी घ्यायचे. एकदा शेजारच्या जॉयस्टिकवर गॅरेजमधला एक पोरगा होता, ग्रीसने हात काळे झालेला. ओळख ना पाळख. बॉसशी, म्हणजे लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूशी, मारामारी चालू, माझी लाईफ तळाला गेलेली, आणि तेवढ्यात स्क्रीनवर लाईफ भरून देणारं खाणं पडलं, ते त्याच्या गड्याच्या अगदी पायाशी. तो बाजूला सरकला. "खा की तू, तुझी संपाय आलीय."

ज्याची लाईफ कमी त्याने खायचं, हा त्या बोळातला नियम होता. भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण मोडला तर मागे उभी असलेली पोरं खवळायची. आणि रुपया सगळ्यांचा सारखाच. हात चालत असेल तर त्याच रुपयात अर्धा तास, नसेल तर दोन मिनिटांत बाजूला व्हा. गॅरेजवाल्या पोराच्या मागे कॉलेजची मुलं श्वास रोखून उभी राहायची. त्याला इतका मान गावात दुसरीकडे कुठे मिळत होता सांगा!

हो, मान्य आहे, बिड्यांचा धूर असायचा, शिव्या असायच्या, आणि दादा नसता तर मला तिथे पाऊल टाकता आलं नसतं.

पण म्हणून त्या जागेचं हे असं व्हावं? आज छोट्या शहरात 'व्हिडिओ गेम पार्लर' म्हटलं की पेपरातली बातमी ठरलेली: पार्लरच्या नावाखाली जुगार, पोलिसांचा छापा, मशीनं जप्त. याचा मला मॉलपेक्षा जास्त राग येतो. आणि मॉलमध्ये वेगळं काय चाललंय हो? नशिबावर पैसे लावायचे, बक्षिसाची वाट बघायची, कार्ड पुन्हा भरायचं. फक्त एसी आहे आणि खेळणारे आठ वर्षांचे आहेत.

जपानमध्येही तेच. टोकियोतल्या अकिहाबारा भागातली सेगा या गेम कंपनीची गेम सेंटरची एक मोठी इमारत ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली. त्याच वर्षी सेगाने गेम सेंटरच्या धंद्यातला मोठा हिस्सा विकला, २०२२ मध्ये उरलेलाही, आणि पाट्यांवरचं सेगा हे नाव उतरलं. तिथेही आता मजलेच्या मजले पंजावाल्या मशीनचे. ज्या देशाने १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स'सारखा गाजलेला गेम दिला, त्या देशात!

घरोघरी प्लेस्टेशन आले, मग सायबर कॅफेतलं काउंटर स्ट्राइक, मग मोबाईलवर पबजी. पार्लर टिकणार नव्हतं, कळतं मला. मोबाईलवर चार जण मिळून खेळतात, तेही खरं. पण त्या चौघांपैकी एकाचेही काळे हात दिसत नाहीत. भाच्याला आज रांगेत एक मुलगा भेटला, त्याच्याच वयाचा. दोघांना एकत्र खेळायचं होतं. अख्ख्या झोनमध्ये त्यांना शेजारी उभं राहून एकाच बाजूने लढता येईल असं एकही मशीन सापडलं नाही. दोघं वेगवेगळ्या पंजांकडे गेले. मला फार वाईट वाटलं ते बघून.

मंडळी, सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठेही दोन जॉयस्टिकचं मुस्तफाचं मशीन अजून चालू असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन येते. हॅना मीच घेणार.