दोन फुटी टाकीसाठी ऑस्कर का दिला नाही : दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

अमळनेरहून मुलाला घेऊन जळगावपर्यंत आलात आणि मासे न घेता परत गेलात, याचं आम्हालाही वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की आम्ही ऑस्कर माशांची जोडी द्यायला नकार दिला, मोठी टाकी गळ्यात मारायला बघितली, आणि मासा टाकीएवढाच वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण हे वाचून उद्या दुसरं कोणी दोन फुटी टाकीत ऑस्कर सोडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेली पिल्लं दोन इंचांची होती. नीट खाऊ घातलं तर ऑस्कर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण इंचभर वाढतो, पुढे फूटभर होतो आणि दहा-बारा वर्षं जगतो. तुमची टाकी २ × १ × १ फूट. काठोकाठ भरली तरी ५६ लिटर पाणी. लोक लांबी बघतात, आम्ही आधी रुंदी विचारतो, कारण फूटभर माशाला फूटभर रुंदीत अंग मुडपल्याशिवाय वळता येत नाही. म्हणून एका ऑस्करला किमान ४ × १.५ × १.५ फूट सांगतो, म्हणजे अडीचशे लिटर. जोडी ठेवायची तर सहा फुटी.

लहान टाकीत मासा खुजा राहतो हे खरं आहे. का राहतो ते बघा. ऑस्कर खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात जातो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. थोड्या पाण्यात हे सगळं लवकर साचतं, आणि त्या पाण्यात मासा आजारी राहून खुंटतो. आमच्याकडे मागच्या पाच फुटी टाकीत एक ऑस्कर आहे, तो विकायचा नाही. दोन फुटी टाकीत वाढलेला, घरच्यांनी आणून दिला. आला तेव्हा डोळ्यांच्या वर खड्डे पडले होते, तोंड काचेला घासून पांढरं झालं होतं, शेपटी झिजली होती. पाणी बदलत राहिलो तशी शेपटी आली, खड्डे भरत आलेत. अंगाच्या मानाने डोळे मात्र मोठे दिसतात, ते तसेच राहणार. तुमचा मुलगा काचेवरून बोट फिरवत होता आणि जो त्या बोटामागे फिरत होता, तोच हा मासा.

त्यात आपला खान्देशातला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. लहान टाकी लवकर तापते, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. भर दुपारी लाइट गेली, फिल्टर बंद पडला की मोठा मासा वर येऊन धापा टाकायला लागतो. जास्त पाणी असलं तर निदान थोडा वेळ हाताशी राहतो.

टाकी आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह नाही. काचवाल्याकडून बनवून घ्या, जुनी मिळाली तर ती घ्या. फक्त चार फुटीला काच १० एमएमची असू द्या. पाणी अडीचशे किलो आणि काच पन्नासेक, म्हणजे तीनशे किलो वजन झालं. जुन्या घराच्या माडीवर ठेवणार असाल तर आधी मिस्त्रीला दाखवा.

ऑस्कर मोठा झाला की जळगावच्या मेहरूण तलावात सोडून देऊ, असंही काही जण म्हणतात. कृपा करून कोणीही तसं करू नका, तो परदेशी मासा आहे. रेड टेल कॅटफिश तर आम्ही ठेवतच नाही. तीन इंचांचं पिल्लू पुढे तीन-चार फुटांचं होतं, त्याला कोणाच्या घरात जागा आहे?

आहे त्या टाकीत गप्पी आणि प्लॅटी हे छोटे मासे छान राहतील. मुलाला ऑस्करच हवा असेल तर चार फुटी टाकी भरून फिल्टर चालू करा. आमच्या चालू टाकीतल्या फिल्टरचा जुना स्पंज देतो, त्यात वर सांगितलेले जिवाणू असतात; त्याचे पैसे नकोत. तो लावून, मासा न सोडता, जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. चार-सहा आठवड्यांनी बाटलीत पाणी घेऊन या, तपासून देतो. निघण्याआधी फोन करा, पिल्लं आहेत की नाहीत ते सांगतो, म्हणजे खेप वाया जाणार नाही.